रात्रपाळीची फोटोग्राफी: क्लब, पब आणि फुकटची बिअर

रातकिडा

लग्नाच्या फोटोग्राफीच्या धाग्यावर मी ओघात लिहून गेलो की माझं घर पब-क्लबांच्या फोटोंवर चालतं, आणि व्यनि (व्यक्तिगत निरोप) सुरू झाले. बहुतेकांना दोनच गोष्टी हव्या होत्या: कॅमेरा कुठला, आणि आत फुकट सोडतात का. फुकट सोडतात. बिअरही देतात कधीमधी, पण दोन बिअरनंतर माझा आणि कॅमेऱ्याचा, दोघांचाही फोकस सुटतो. म्हणून मी लिंबू-सोड्यावर असतो.

आधी कामाचं स्वरूप. मुंबईत लोअर परळ-वांद्रे आणि पुण्यात कोरेगाव पार्क-मुंढवा हा माझा पट्टा. रात्री दहाच्या आत पोचायचं. तेव्हा हॉल रिकामा असतो, पोरं टेबलं पुसत असतात, साउंडवाला 'चेक, चेक' करत असतो. जागेचे फोटो काढायची हीच वेळ, नंतर जागा दिसतच नाही. मॅनेजर फर्माईश सांगतो: डीजेचे एवढे, बारटेंडरचे एवढे, आणि ज्या कंपनीनं पार्टीला पैसे दिलेत तिच्या फलकासमोरचे भरपूर. साडेअकरा ते साडेबारा हा खरा धंद्याचा तास. दीडला बार बंद. २०२० च्या जानेवारीत मुंबईत 'चोवीस तास'चं धोरण आलं तेव्हा आमच्यातले काही जण खूश झाले होते, पण ते मॉल, दुकानं आणि खाण्याच्या ठिकाणांपुरतं निघालं. दारूची वेळ तीच राहिली. वरचे पांढरे दिवे लागले की मी कॅमेरा बॅगेत टाकतो. त्या उजेडात कुणीच चांगलं दिसत नाही.

मग घरी येऊन निवड आणि रंगांची डागडुजी. सकाळी डीजेचे डोळे उघडायच्या आत फोटो ड्राइव्हवर हवेत, कारण त्याला स्टोरी टाकायची असते. दुपारनंतर त्या फोटोंना कुत्रं विचारत नाही.

आता मुद्दा. नवीन पोरांना वाटतं, हे अंधारात फोटो काढायचं काम आहे. अंधाराचं तंत्र थोड्या सरावानं येतं. फोटो कुणाचा काढायचा नाही हे ओळखायला वर्षं लागतात, आणि क्लब पुन्हा बोलावतो तो त्याच्याच जोरावर.

म्हणजे कसं, तर मी कॅमेरा एकदम डोळ्याला लावत नाही. आधी छातीशी धरतो, नजर मिळवतो, भुवई उंचावतो. ज्याला हवाय तो लगेच शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकतो. ज्याला नकोय तो 'नको' म्हणत नाही, तो फोन काढतो किंवा ग्लास तोंडाशी नेतो. पाच मैत्रिणींच्या घोळक्यात एक जण पटकन सगळ्यांच्या पर्सा स्वतःकडे घेते आणि बाजूला होते. तिला 'अगं तूही ये ना' म्हणायचं नाही. तिच्या घरी माहीत नसेल, ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं असेल, काहीही असेल. आपल्याला काय करायचंय. आणि हमखास एक वीर असतो, तो कानात ओरडतो, 'भाई, त्या पलीकडच्या टेबलाचे घे ना, मुलींचे.' त्याच्याशी वाद घालायचा नाही. फ्लॅशकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, 'चार्ज होतोय.' तो विसरतो.

प्रश्न विचारा, सुचेल तसं सांगतो.

आयएसओ_६४००

मस्त धागा! मला तंत्राचंच हवंय. चेहरा एकदम धारदार आणि मागे दिव्यांच्या रेघोट्या, असे फोटो दिसतात. मी केलं तर चेहऱ्याच्याच रेघोट्या होतात.

रातकिडा

एका फोटोत दोन फोटो असतात, असं समज. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात उडून जातो आणि तेवढ्यात चेहरा गोठतो. शटर मात्र १/८ किंवा १/१० सेकंद उघडं ठेवलेलं असतं, त्यात मागचे दिवे आपल्या रेघा काढत बसतात. माझी सुरुवात साधारण आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००, एफ (लेन्सचं छिद्र) ४, शटर १/१०, फ्लॅश मॅन्युअलवर पूर्ण ताकदीच्या १/१६ किंवा १/३२, २४ मिमीची लेन्स आणि माणूस हातभर पुढे. बटण दाबल्यावर कॅमेरा मनगटातून किंचित फिरवायचा. तुझ्या चेहऱ्याच्या रेघोट्या होतात कारण त्या चेहऱ्यावर आधीच एखादा स्पॉट पडलेला असतो. माणसाला अंधाऱ्या बाजूला वळव. त्याच्यावर फक्त तुझाच उजेड पडला पाहिजे.

रिअर कर्टन सिंकबद्दल सगळे सांगतात, की फ्लॅश शेवटी उडू दे, रेघा मागे राहतात. खरं आहे. पण टीटीएलवर (कॅमेरा स्वतःच उजेड मोजून फ्लॅशची ताकद ठरवतो ती पद्धत) असताना आधी मोजणीची एक चिमुकली चमक उडते. लोकांना वाटतं फोटो झाला, ते हलतात, डोळे मिटतात, आणि खरा फ्लॅश त्यानंतर येतो. मी म्हणून मॅन्युअलवर.

छतावरून उजेड उडवायचा विचार सोडून दे, निम्म्या क्लबांची छतं काळी असतात. धूर सोडला की फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून हात लांब करून धरायचा, नाहीतर फोटोत पांढरी भिंत येते. सायलेंट शटर बंद ठेव. एलईडी दिवे भराभर उघडझाप करत असतात, इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये त्याचे पट्टे उमटतात. आणि नुसत्या लाल किंवा निळ्या उजेडात चेहऱ्याचा सपाट डाग होतो, नाक-डोळे त्यात बुडतात. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढून ठेव. काही नाही जमलं तर कृष्णधवल कर आणि कलात्मक आहे म्हणून सांग :)

सगळ्यात महत्त्वाचं, लेझर. किरण थेट लेन्समध्ये घुसला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा मेलेले ठिपके पडतात. मिररलेसचा (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा) सेन्सर तर फोटो काढत नसतानाही उघडाच असतो. डीजेच्या मागून गर्दीचे फोटो काढायच्या आधी लाइटवाल्याला गाठून लेझर कुठं मारणार आहे ते विचार. लाइटवाल्याला चहा पाजणं ही या धंद्यातली सगळ्यात स्वस्त गुंतवणूक.

खडूस_काका

छान छान. म्हणजे बेवड्यांचे फोटो काढायला आता शास्त्र निघालं. आमच्या वेळी रात्री जागायचा तो गुरखा आणि परीक्षेतली पोरं. हे 'नाइटलाइफ' आपल्याकडचं नव्हेच.

चौफुल्याचा

काका, तुम्ही कुठल्या पेठेत राहता? पाडव्याच्या सुमाराला एकदा नारायणगावला जाऊन या. फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे पंच जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. रात्रभर तमाशा बघून सकाळी शेतावर जाणारी पिढी होती की. आमच्याकडं कलाकेंद्रात बैठकीच्या लावणीला गेलं तर मोबाइल आधी बाहेर ठेवायला लावला होता मला. बाई म्हणाल्या, 'बघायचं ते डोळ्यानं बघा.' रातकिडाभाऊ जे पर्सवालीबद्दल लिहितायत ते आमच्या बायांना केव्हाचं ठाऊक आहे.

काळाकोट

चौफुल्याचा यांना +१. याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. महाराष्ट्रानं २०१६ च्या कायद्याखालच्या नियमांत डान्स बारमध्ये सीसीटीव्ही सक्तीचे केले होते. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयानं ती अट खासगीपणाचा भंग म्हणून रद्द केली. रात्री करमणुकीला गेलेल्या माणसालाही खासगीपण असतं, हे त्यात आलं.

आता धंद्याचं बोलतो, कारण माझ्याकडे असे दोन-तीन फोटोग्राफर रडत आलेले आहेत. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७, खंड (ब). कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढलात आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. फोटोग्राफर नव्हे! म्हणजे क्लबानं पैसे दिले तर तो तुमचा फोटो बिअरच्या जाहिरातीला देऊ शकतो, आणि तुम्ही तोच फोटो डीजेला विकलात तर तुम्हीच अडचणीत. उपाय सोपा आहे. कामाआधी एक ईमेल: फोटो कुणाचे, कुठे वापरायचे, जाहिरातीला वापरायचे तर वेगळे पैसे. समोरून उत्तरात 'ओके' आलं तरी पुष्कळ. फोटोला स्वतःचं नाव लावून घेण्याचा हक्क मात्र कलम ५७ खाली मालकी गेल्यावरही तुमच्याकडे राहतो.

रातकिडा

हे काळाकोट साहेबांनी लिहिलं ते बरं झालं, मी लिहिलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता. लोक समजतात बटण दाबलं त्याचा फोटो.

पाळोळेकरीण

मी दक्षिण गोव्यात हेच काम करते, हिवाळ्यात जास्त. रातकिडादादा, तुमचं लिंबू-सोड्याचं पटलं, पण बाईमाणसाला थोडं वेगळं पडतं. एक फायदा असा की बायका मला बघून सैलावतात. आरशासमोर लिपस्टिक नीट करता करता हसत असतात तेव्हा चेहऱ्यावर जे येतं ते नाचताना येत नाही. त्या स्वतःच म्हणतात, 'काढ ना.' काढते, त्यांना पाठवते, क्लबाला देत नाही. मॅनेजरनं मागितले तरी नाही. तोटे तुम्हांला माहीत आहेतच. गर्दीत पाठीला पाठ लावायला खांब शोधून ठेवते, आणि परतीच्या गाडीचे पैसे बिलात वेगळे लावते. 'स्कूटर आहे ना तुझी?' म्हणणाऱ्याचं काम घेत नाही.

गोव्यात अजून एक भानगड, दमट हवा. एसीतून बाहेर आलं की लेन्सवर धुकं. पुसत बसू नये, पुन्हा येतं. बाहेर येण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करावा आणि पिशवीचा थंडपणा जाईपर्यंत उघडू नये. तेवढा वेळ नसेल तर कॅमेरा एसीत न्यायचाच नाही.

आणि आमच्याकडच्या हेडफोन पार्ट्यांबद्दल कुणी लिहिलं नाही! रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही (ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम), म्हणून पाळोळ्याला लोकांच्या कानांना हेडफोन लावून नाचवायची टूम निघाली. दोन-तीन डीजे एकाच वेळी वाजवतात, ज्याला जे हवं त्या चॅनलवर. हेडफोनवर चॅनलप्रमाणे दिवा पेटतो, लाल, हिरवा, निळा. फोटोत गर्दीचे गट रंगांवरून कळतात. पण आवाज कसला, तर पायाखालच्या वाळूचा आणि बेसूर गाणाऱ्यांचा. माझ्या शटरचा आवाज तिथं इतका मोठा वाटतो की लोक वळून बघतात. तेवढ्यापुरतं मी सायलेंट लावते, पट्टे पडले तर पडले.

रातकिडा

ताई, आरशासमोरचे फोटो क्लबाला न देण्याचं मी शंभरदा वाचलं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुरुष म्हणून मला ते बघायलाही मिळणार नाही.

कर्णमधुर

कान-नाक-घसा डॉक्टर आहे, म्हणून नाक खुपसतो. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची मर्यादा अशी: ८५ डेसिबल आवाजात ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. हिशेब केलात तर १०० डेसिबलला १५ मिनिटं येतात. क्लबात स्पीकरजवळ १०० सहज असतो आणि फोटोग्राफर तिथंच उभा असतो. सकाळी कानात शिट्टी वाजते ती 'रात्र मस्त झाली' याची खूण नाही. कापसाच्या बोळ्यानं काही होत नाही. संगीतकार वापरतात तसले फिल्टरचे प्लग घ्या, त्यातून माणसाचं बोलणं कळतं.

बर्लिनची_सून

इथं बर्लिनमध्ये उलटा प्रकार. नावाजलेल्या क्लबांत दारातच फोनच्या कॅमेऱ्यांवर स्टिकर चिकटवतात, पुढून आणि मागून. आत फोटो काढताना दिसलात तर बाहेर. गंमत म्हणजे बेर्गहाइन या क्लबाच्या दारावरचा जगप्रसिद्ध माणूस, ज्याच्या नजरेवर आत जाणं-न जाणं ठरतं, तो स्वेन मारक्वार्ट स्वतः फोटोग्राफर आहे! पूर्व बर्लिनमध्ये भिंत पडायच्या आधीपासून फोटो काढत आलेला.

जर्मन माणूस फोटोच्या बाबतीत हळवा आहे त्याला इतिहास आहे. १८९८ मध्ये जर्मनीचा माजी चान्सलर बिस्मार्क वारला तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री घरात घुसून मृतदेहाचे फोटो काढून आले. त्यावरून गदारोळ झाला आणि १९०७ च्या कायद्यात आला नियम, की माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायचा नाही. थोडे अपवाद सोडले तर तो आजही लागू आहे. माझ्या नवऱ्याला हे सगळं अति वाटतं. मला नाही वाटत. पुण्यातल्या एका पार्टीतला माझा फोटो मला न विचारता क्लबाच्या पानावर आला होता आणि तो सगळ्यात आधी काकूंनी बघितला होता.

खडूस_काका

काकूंचं काय चुकलं त्यात?

बर्लिनची_सून

काकूंचं काहीच नाही. त्या क्लबाचं पान त्या फॉलो करत होत्या, हे मला तेव्हा कळलं =))

डार्करूमवाले_आजोबा

डिजिटलच्या आधीचं थोडं सांगतो, अवांतर वाटलं तर संपादकांनी उडवावं. मालीची राजधानी बामाको, १९६० चं दशक, देश नुकता स्वतंत्र झालेला. मालिक सिदिबे नावाचा तरुण एका रात्रीत अनेक पार्ट्या करायचा. लोक ट्विस्ट नाचतायत, हा फ्लॅश मारतोय. मग स्टुडिओत परत येऊन पहाटेपर्यंत फिल्म धुवायची, छोट्या प्रती काढायच्या, पुठ्ठ्याच्या फाइलींवर ओळीनं चिकटवायच्या आणि आठवड्याच्या सुरुवातीला बाहेर लावायच्या. पोरं-पोरी गर्दी करून स्वतःला शोधायची आणि ऑर्डर द्यायची. रातकिडा सकाळी ड्राइव्हवर टाकतात त्याचा हा आजा. फरक एकच, तिथं फोटोचे पैसे नाचणारा द्यायचा. म्हणून त्या फोटोंत सगळे फोटोग्राफरकडे मित्रासारखे बघतात. २००७ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनानं त्याला जीवनगौरव म्हणून सुवर्णसिंह दिला, हा मान मिळालेला तो पहिलाच फोटोग्राफर.

दुसरा केप टाउनचा बिली मंक. 'कॅटाकोम्ब्स' नावाच्या क्लबाचा बाउन्सर. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथं येणाऱ्या खलाशांचे, प्रेमिकांचे फोटो काढून त्यांनाच विकायचा. वर्णभेदाचे कायदे ऐन जोरात असताना त्याच्या फोटोंत गोरे आणि बिगरगोरे एका बाकावर बिलगून बसलेले दिसतात. दहाएक वर्षांनी निगेटिव्ह दुसऱ्याच फोटोग्राफरच्या हाती लागल्या, १९८२ मध्ये जोहान्सबर्गला प्रदर्शन भरलं. मंक ते बघायला निघाला आणि वाटेतच एका भांडणात गोळी लागून मेला. प्रदर्शन त्यानं पाहिलंच नाही.

आयएसओ_६४००

आजोबा, यावर वेगळा धागा काढा ना प्लीज. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

हिशोबनीस

सगळं झालं, पैशाचं कुणी बोलेना. रातकिडा, किती मिळतात आणि वेळेवर मिळतात का?

रातकिडा

आकडा सांगत नाही, उद्या त्यावरच घासाघीस होईल. नवख्याला मिळतं त्यात पेट्रोल आणि जेवण निघून थोडं उरतं, एवढं सांगतो. क्लब रात्रीवर देतात, डीजे फोटोंवर, दारू कंपन्या बऱ्यापैकी देतात पण टीडीएस कापून आणि तिसऱ्या महिन्यात. वेळेवरचं म्हणाल तर एका जागेनं (नाव घेत नाही) माझे एका अख्ख्या सीझनचे पैसे थकवले. दर वेळी नवा मॅनेजर, दर वेळी 'जुन्याचं मला माहीत नाही'. तोवर भिंतीवर माझेच फोटो फ्रेम करून लावलेले.

काळाकोट

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) आहे का तुमची? एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. त्यापलीकडे गेलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. सरकारी पोर्टलवर तक्रार टाकता येते. नोंदणी फुकट आहे, पण ती काम करायच्या आधीच केलेली बरी. नुसती नोटीस पाठवली तरी नव्या मॅनेजरला जुन्याचं आठवायला लागतं.

रातकिडा

आता आहे. ती जागा मात्र बंद पडली. नोटीस भिंतीला पाठवू का?

गिरणगावकर

एक विचारायचं होतं. मी लोअर परळचाच. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली, १४ माणसं गेली. तेव्हापासून असल्या जागी पाऊल ठेवलं की अंगावर काटा येतो. तुम्ही रोज आत असता. बघता का काही?

रातकिडा

बघतो. रिकाम्या हॉलचे फोटो काढताना पहिला फेरा दरवाजांचाच असतो. मागचा दरवाजा उघडतो का हे ढकलून बघतो. बऱ्याचदा त्याच्यासमोर बिअरचे क्रेट नाहीतर जास्तीच्या खुर्च्या रचलेल्या असतात. मी मॅनेजरला म्हणतो, 'फ्रेममध्ये येतायत, हलवा.' आगीचं नाव काढलं तर तोंड वाकडं करतात, फोटो बिघडतोय म्हटलं की दोन मिनिटांत हलवतात. बारवर बाटलीतून ज्वाळा काढायचे खेळ चालू असले आणि वर कापडी झालर असली तर मी तो फोटो दारातून काढतो. घरी बायकोला कुठल्या जागी आहे ते कळवलेलं असतं.

पाळोळेकरीण

क्रेट हलवायची युक्ती चोरली.

कॉलेजकट्टा_२१

दादा, मी फर्ग्युसनला शेवटच्या वर्षाला आहे. ५० मिमी १.८ लेन्स आहे आणि मित्राचा फ्लॅश. ३१ डिसेंबरला तुमच्यासोबत येऊ का? पैसे नकोत.

रातकिडा

३१ ला नको. त्या रात्री पाचपर्यंत परवानगी असते बहुतेक वेळा, दोननंतर कुणी कुणाचं राहत नाही. शिकायची ती रात्र नव्हे. नोव्हेंबरात एखाद्या गुरुवारी ये, गर्दी निम्मी असते. ५० मिमी घरी ठेव, आत मागे सरकायला जागाच मिळत नाही. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स असेल ती आण, फ्लॅश आहे ना मग चालते. काळा टीशर्ट, बंद बूट, कानाचे प्लग. वयाचा पुरावा लागेल, दारात माझं चालत नाही. आणि 'पैसे नकोत' हे परत कुणाला म्हणू नकोस, त्यानं आमचे दर पडतात. जेवण आणि रिक्षाचे पैसे मी देईन. नंबर इथं टाकू नकोस, व्यनि कर.

कॉलेजकट्टा_२१

केला!

हिशोबनीस

रिक्षाचं बिल घ्यायला विसरू नका.